बाळगुटीतलं मायफळ हे फळ नाहीच! मग ते आहे तरी काय?

बाळगुटीच्या डबीत वेखंड, हळकुंड, मुरुडशेंगेसोबत एक कडक, भुरकट गोटी असते. तिला आपण मायफळ म्हणतो. नावात फळ असलं तरी ती पश्चिम आशियातल्या ओक झाडावरची गाठ आहे. एका चिमुकल्या गांधीलमाशीची अळी ती झाडाकडून बांधून घेते. गुटीतली काकडशिंगीही अशीच, हिमालयातल्या एका झाडावर माव्यामुळे तयार झालेली गाठ.

गाठ तयार कशी होते?

मादी कोवळ्या कळीत किंवा पानात अंडी घालते. अळीने सोडलेल्या द्रव्यांमुळे तिथल्या पेशी भराभर वाढतात आणि अळीभोवती घर तयार होतं. आत मऊ, पौष्टिक थर आणि बाहेर कडक भिंत. मायफळाच्या कडकपणाला तुरटपणाचीही जोड असते, कारण त्यात टॅनिन भरपूर असतं. त्यात हिराकस मिसळून युरोपात शतकानुशतकं शाई बनवली जायची. मायफळाला बारीक भोक दिसलं, तर समजा आतली माशी उडून गेली.

कोरड्या प्रदेशात हे घर आणखी कामाचं, कारण आतला ओलावा टिकतो. राजस्थानच्या वाळवंटातली खेजडी, म्हणजे आपली शमी, अशा गाठींसाठी प्रसिद्ध आहे.

नाशिकमध्ये कुठे दिसतील?

रस्त्याकडेच्या सप्तपर्णीची पानं पाहा. त्यावरचे फोड एका इवल्याशा रसशोषक किडीमुळे येतात. करंजाच्या पानांवरचे उभे कोंब मात्र कीटकाचे नाहीत, ते अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे येतात. आंब्याच्या पानांवरचे पुटकुळ्यांसारखे ठिपके बारीक माशांच्या अळ्यांचे असतात.

झाड तोडायचं का? फवारणी करायची का?

सहसा नाही. अशा गाठींनी मोठं झाड मरत नाही. अळी भिंतीआड असल्याने वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, उलट तिला खाणारे मित्रकीटक मरतात.

मग धोका कधीच नसतो का?

असतो. पूर्व विदर्भात भातावर गादमाशी येते. तिच्या अळीमुळे फुटव्याची चंदेरी नळी होते आणि त्याला लोंबी येत नाही.

द्राक्षाची गोष्ट तर नाशिककरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. फायलोक्झेरा नावाची माव्यासारखी कीड मूळची उत्तर अमेरिकेतली. तिथल्या रानवेलींच्या पानांवर ती गाठी करते, पण त्या वेली तिला सरावलेल्या आहेत. १९व्या शतकात रोपांसोबत ती युरोपात पोहोचली. तिथल्या वेलींच्या मुळांवर गाठी आल्या, मुळं कुजली आणि फ्रान्समधले मळेच्या मळे वाळले. १८६८ मध्ये ज्यूल्स एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर ही कीड सापडली.

उपाय काय निघाला?

खाली अमेरिकन वेलीची मुळं आणि वर युरोपीय वेलीचं कलम. आज निफाड-दिंडोरीकडच्या अनेक बागाही डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. हा खुंट टेक्सासमधल्या रानवेलीचा. आपल्याकडे तो घेतला गेला तो पाणीटंचाई आणि क्षारांना तोंड देण्यासाठी, पण खुंटावर कलम करण्याची पद्धत जगभर पसरली ती या किडीमुळेच.

आपण काय लक्षात ठेवायचं?

सप्तपर्णीवरची गाठ दिसली तर घाबरू नका. पण परदेशातून येताना 'एकच काडी' म्हणून द्राक्षाची फांदी बॅगेत घालून आणू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी परवाना आणि तपासणी लागते. जी कीड एका झाडावर साधी गाठ करते, तीच अनोळखी झाडावर पोहोचली तर अख्खी बाग संपवू शकते.