सूचनापेटीची किल्ली

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर संगणकाला सक्तीची सुट्टी होती. आता अक्षरं स्वच्छ दिसतायत, तेव्हा पुन्हा तुमचा छळ सुरू!

परवा पुतण्या आला होता. तो पुण्यात एका कंपनीत एच.आर. खात्यात आहे. साहेबांनी त्याच्यावर नवीन काम सोपवलंय. कंपनीतल्या कंपनीत फेसबुकसारखं काहीतरी सुरू करायचं. कामगारापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी तिथे लिहायचं, फोटो टाकायचे, मतं मांडायची. म्हणजे म्हणे लोकांना कंपनी आपली वाटू लागते. चहा पिता पिता त्याने विचारलं, "काका, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. असलं काही पूर्वी कुणी केलं होतं का हो?"

मी म्हटलं, "अरे, पुष्कळांनी केलंय. मीही केलंय!"

त्याला वाटलं, काका गंमत करतायत. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. का, ते पुढे सांगतो. आधी इतिहास, कारण मास्तरची सवय!

जपानमध्ये १७२१ साली तोकुगावा योशिमुने या शोगुनने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, न्यायकचेरीच्या बाहेर एक पेटी ठेवली. कुणाही सामान्य माणसाने आपलं म्हणणं लिहून त्यात टाकावं. या पेटीच्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, लिहिणाऱ्याला आपलं नाव-गाव द्यावं लागे, निनावी कागद चालत नसे. आणि दुसरी, पेटीची किल्ली खुद्द शोगुनकडे असे. मधल्या अधिकाऱ्यांना ती उघडता येत नसे. एका वैद्याने त्यात चिठ्ठी टाकली की गरिबांसाठी फुकट दवाखाना हवा. १७२२ मध्ये कोइशिकावा इथे तो दवाखाना सुरू झालाही, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं चालला. एका चिठ्ठीचं हे फळ!

कारखान्यांत ही कल्पना यायला आणखी दीड शतक लागलं. स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला विल्यम डेनीच्या जहाज कारखान्यात १८८० साली कामगारांच्या सूचनांना बक्षिसं सुरू झाली. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये सूचना मागवल्या, तेव्हा पहिलं दोन डॉलरचं बक्षीस मिळालं ते खिडक्या धुवा म्हणणाऱ्या कामगाराला. खिडक्या धुतल्या तर उजेड बरा येईल! किती साधी गोष्ट, पण साहेबाच्या टेबलावरून ती दिसत नाही. टोयोटाची माणसं १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आली आणि १९५१ पासून त्यांनी आपल्याकडे सूचना मागवायला सुरुवात केली. पुढे याच बाबतीत त्यांचं नाव जगभर झालं.

आता माझी पेटी.

१९८८-८९ ची गोष्ट. मी तेव्हा एका हायस्कूलमध्ये पर्यवेक्षक होतो. मुख्याध्यापकांनी कुठेतरी वाचलं आणि शिक्षकांच्या खोलीत सूचनापेटी लावायचं ठरवलं. शाळेच्या सुतारकामाच्या सरांनी छान पेटी बनवून दिली, वर फट, खाली छोटं कुलूप. किल्ली माझ्याकडे. पहिल्या महिन्यात सात-आठ चिठ्ठ्या निघाल्या. माठ बदला, पंखा खडखडतो, खडू फार लवकर तुटतात वगैरे. माठ बदलला. सगळे खूष, आणि मी तर फारच खूष.

दुसऱ्या महिन्यात एकच चिठ्ठी निघाली. गैरहजर शिक्षकांच्या जागी द्यायचे ऑफ तास नेहमी त्याच तीन बाईंच्या वाट्याला येतात, पर्यवेक्षकांच्या मित्रांना ते कधीच मिळत नाहीत, याचा विचार व्हावा. खाली नाव नव्हतं. पण मंडळी, आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसाला अक्षर ओळखायला नाव लागत नाही. तो विशिष्ट वळणाचा 'श' माझ्या चांगल्या परिचयाचा होता. नव्यानेच लागलेल्या एक बाई होत्या.

चिठ्ठी खरी होती. तास मीच लावत असे, आणि संध्याकाळी ज्यांच्याबरोबर चहाला बसायचो त्यांना कामाला लावणं मला जड जायचं. पण ती चिठ्ठी मी मुख्याध्यापकांना दाखवली नाही. खिशात घातली. पुढच्या आठवड्यात त्या बाईंना पाच ऑफ तास लागले. मुद्दाम केलं नाही, अशी तेव्हा मी मनाची समजूत घातली होती. आज सत्तरी ओलांडल्यावर तरी खोटं कशाला बोलू? मुद्दामच केलं होतं.

त्या काहीच बोलल्या नाहीत. पेटीत मात्र त्यानंतर एकही चिठ्ठी पडली नाही. वर्षभराने शिपायाने तिच्यात खडूचे तुकडे ठेवायला सुरुवात केली.

हे सगळं मला आठवलं त्याला आणखी एक कारण आहे. निवृत्तीनंतर संगणक शिकलो तेव्हा आय.बी.एम. कंपनीची एक हकीकत वाचनात आली होती आणि ती मनात रुतून बसली होती. पुतण्याचं जे चाललंय त्याचं मोठं उदाहरण तेच.

या कंपनीची जुनी तत्त्वं थॉमस वॉटसनने १९१४ मध्ये घालून दिलेली. पुढे १९९० च्या आसपास कंपनी गाळात गेली, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्या तत्त्वांवरचा विश्वासही गेला. २००३ मध्ये सॅम पामिसानो प्रमुख होते. त्यांनी ठरवलं, तत्त्वं नव्याने ठरवायची आणि ती सगळ्या नोकरांना विचारून. जुलै २००३ मध्ये कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर सलग ७२ तास चर्चा झाली. तीन लाखांवर माणसांना ती खुली होती. सुमारे ५० हजारांनी ती पाहिली आणि जवळजवळ १० हजार मतं लिहिली गेली.

पहिल्या दिवशी काय झालं असेल? लोकांनी नुसती आग ओकली! कंपनीला फक्त शेअरच्या भावाची पडली आहे, इथे विश्वास उरलेला नाही, असं बरंच काही. चोवीस तासांनी एका बड्या अधिकाऱ्याने सुचवलं की हे बंद करून टाकू या. पामिसानोंनी ऐकलं नाही. चर्चा चालू ठेवली. आणि नंतर सूर हळूहळू बदलला. राग काढून झाल्यावर लोक काय करता येईल ते लिहू लागले. पुढे पामिसानोंनी त्या मतांचे कागद छापून घेतले, तो जाडजूड गठ्ठा घरी नेऊन वाचला आणि सोमवारी बैठकीत टेबलावर ठेवून सहकाऱ्यांना सांगितलं की हे सगळं वाचा. त्यातून तीन नवी तत्त्वं निघाली. नुसती तत्त्वंच नाहीत, तर खालच्या फळीतल्या व्यवस्थापकांना गिऱ्हाइकाची अडचण सोडवायला, वर न विचारता वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंत खर्च करायची मोकळीक मिळाली. विश्वास विश्वास म्हणतात तो असा पैशात दिसला.

आपल्या ब्लॉगवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट. २००५ मध्ये याच कंपनीत नोकरांनी ब्लॉग लिहिताना पाळायचे नियम, ब्लॉग लिहिणाऱ्या नोकरांनीच एकत्र बसून विकीवर तयार केले!

पण सगळीकडे असं गोड होत नाही. गूगलमध्ये नोकर कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर मोकळेपणाने बोलत असत. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी जगभर काम थांबवून निषेध केला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने नवे नियम काढून राजकारणावरच्या वादांना आवर घातला. फेसबुकने तर २०१६ मध्ये 'वर्कप्लेस' नावाचं कचेऱ्यांसाठीचं फेसबुकच विकायला काढलं होतं. २०२४ च्या मे मध्ये ते बंद करणार असल्याचं जाहीर झालं. म्हणजे यंत्रं येतात नि जातात. फळ्यावरच्या कागदापासून मोबाईलपर्यंत प्रश्न मात्र तोच राहतो.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला सगळं सांगितलं, त्या बाईंचंही. म्हटलं, "तुझ्या साहेबांना दोन गोष्टी विचार. किल्ली कुणाकडे राहणार? आणि पहिली कडू चिठ्ठी निघाली, तीही तुमच्याबद्दल, तर ती लिहिणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय होणार? उत्तर माहीत नसेल तर वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरतंच ते चालवा. लोकांना फसवू तरी नका."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, त्या बाई पुढे कुठे असतात?"

आहेत. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात भेटल्या होत्या. नमस्कार केला, "सर, तब्येत कशी आहे?" विचारलं. मी मुंडावळ्यांकडे बघत जेवणाबद्दल काहीतरी बोललो. बोलायचं ते राहिलंच.

त्यांचा पत्ता मिळवलाय. आता पत्र लिहायला घेतो. हाताने लिहिणार आहे, खाली नाव घालून.

ता.क. टंकताना चुका झाल्या असतील तर नवीन डोळ्याला माफ करा. चू.भू.द्या.घ्या.