दिवेलागणीला पोर ठेचकाळतं का?

नेत्रसेवेचा इतिहास लिहिणारे शिबिरांचे आणि शस्त्रक्रियांचे आकडे देतात. मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. माझ्या लेखी हा इतिहास गावातल्या बायांपासून सुरू होतो.

१९७० साली केंद्र सरकारने लहान मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा दोन लाख युनिटांचा डोस द्यायची योजना आणली. त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचं काम उभं केलं. शिकलेल्या नर्सेसवर खेड्यातलं काम निभेना, तेव्हा त्यांनी गावानेच निवडलेल्या बायांना शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या.

'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याने येणारा रातांधळेपणा ओळखायला यंत्र लागत नाही. "दिवेलागणीला पोर ठेचकाळतं का? ताटातला घास चाचपडतं का?" एवढं आईला विचारायचं. मग पापणी अलगद उघडून पाहायचं. बुबुळाच्या कडेला साबणाच्या फेसासारखा डाग दिसला, की डोस लगेच. गोवर आलेल्या कुपोषित पोराला तर अधिकच जपायचं, कारण त्याचं बुबुळ काही दिवसांत विरघळू शकतं. आमच्याकडे गोवर म्हणजे देवी आली असं मानत, घरात फोडणीसुद्धा देत नसत. 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायला तेलतूप हवं, आणि नेमकं तेच तेव्हा बंद! हा रिवाज परक्या डॉक्टरच्या सांगण्याने सुटत नाही. भावकीतली, शेजारची बाई सांगते तेव्हा सासू ऐकते. शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत तेल घालायला मी अशा शेजारणीच्याच तोंडून सांगितलं.

१९७७ मध्ये सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमले, महिना ५० रुपये मानधनावर. बहुतेक पुरुष होते. स्वयंपाकघरातला प्रश्न त्यांनी कुणाला विचारायचा? माझ्या मते योजना तिथेच अडली.

म्हाताऱ्यांची तपासणी याहून सोपी. १९७६ च्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात २० फुटांवरून बोटं मोजता न येणारा माणूस अंध धरत. २००५ नंतर गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या, तेव्हा मी त्यांना २० फुटांवर गाठ मारलेली दोरी द्यायचे. एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटं दाखवायची, मग दुसरा. दिसेनासं झालं की "वयाने होतंय" म्हणून घरचे सोडून देतात, तिथे आशाच रुग्णाला हाताला धरून तालुक्याला नेते. मोतीबिंदू काढल्यावर थेंब वेळेवर पडतात का, डोळा लाल होतोय का, दुखतोय का, हे तिनेच पाहावं. तिच्या प्रत्येक प्रशिक्षणात डोळ्यांसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा, असं मी निवृत्तीनंतरही अधिकाऱ्यांना सांगत असते.