सातपुड्याच्या पायथ्याची राखण

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत मंदिराच्या भिंती, घंटा व धर्मगुरूंचीं नांवें यांचा इतिहास यावा, हा रिवाज आहे व तो योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर आमची मंडळी उभी राहिली, तिलाहि इतिहास आहे. शिवाय देवानें मनुष्यास बागेंत ठेविलें तें मशागतीसाठीं व राखणीसाठीं, असें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत आपण वाचतों. तेव्हां चोपड्याच्या उत्तरेकडील वनाचा विषय येथें अगदींच परका ठरूं नये.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत भिल्लांचा अंमल होता. बंदुकीनें ते वळेनात, म्हणून १८२५ मध्यें जेम्स औट्रम यानें धरणगांवीं भिल्लांचीच पलटण उभारिली. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यान्वयें राखीव वनांच्या हद्दी पडल्या. त्यायोगें पुष्कळ झाडें वांचलीं हें खरें. पण ज्यांच्या पिढ्या त्या झाडांखालीं वाढल्या, ते भिल्ल व पावरा लोक आपल्याच रानांत परके ठरले, हेंहि तितकेंच खरें. हा तंटा अद्याप पुरता मिटलेला नाहीं. १९६९ सालीं यावलचें सुमारें १७७ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें; १९८६ सालीं शिरपूर तालुक्यांत अनेर धरणाचें झालें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसलेल्या जमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य केला, व गांवाच्या सामूहिक वनाची राखण ग्रामसभेकडे सोंपविली. तरीहि सागाची चोरटी तोड व शेतीकरितां नवें रान साफ करणें थांबलें नाहीं. दोष कोणाचा, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. भुकेल्या माणसाला झाडाचें महत्त्व सांगणें सोपें नसतें.

याच खानदेशांतील एका पक्ष्याची गोष्ट वाचकांस आवडेल. रानपिंगळा नांवाच्या लहानशा घुबडाचें वर्णन ह्यूम यानें १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. खानदेशांतील एक अधिकारी डेव्हिडसन यानें १८८०–८४ च्या सुमारास त्याचे नमुने गोळा केले, आणि नंतर हा पक्षी नाहींसाच झाला असें विद्वानांनीं ठरविलें. ११३ वर्षांनीं, नोव्हेंबर १९९७ मध्यें, शहाद्याजवळच्या रानांत तो जिवंत आढळला! यावलच्या अभयारण्यांतहि त्याची नोंद झालेली आहे. कागदांवरून पुसला गेलेला जीव आपल्याच डोंगरांत दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला असावा, याचें आम्हांस फार नवल वाटतें.

शहरांतला वाचक विचारील कीं, डोंगरावरचें रान गेलें तर आमचें काय गेलें? उत्तर असें कीं, त्याच्या विहिरीचें पाणी गेलें. डोंगर संपून तापीचें मैदान लागतें त्या पट्ट्यांत नद्यानाल्यांनीं आणिलेल्या दगडगोट्यांचे व वाळूचे जाड थर आहेत. सातपुड्यावरून उतरणारें पाणी त्यांत जिरतें आणि जमिनीखालून काळ्या मातीच्या शिवारांस पोंचतें. रावेर, यावल व चोपडा येथील केळीच्या बागा त्याच पाण्यावर पोसल्या. रान उजाड झालें म्हणजे पाणी जिरावयाचें सोडून माती घेऊन धांवतें. उपसा मात्र वाढतच जातो. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या, त्याहि वर्षानुवर्षें खोल गेल्या. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें याचा आम्हांस अभिमान आहे. पण तें पाणी आलें कोठून, हें क्वचितच कोणी विचारतो.

तें ज्यांनीं विचारलें असें एक गांव शेजारच्या धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांत आहे. बारीपाडा ही कोकणा आदिवासींची लहान वस्ती. भोंवतालचें रान तोडून संपलें होतें, आणि पाण्यासाठीं बायकांची वणवण चालली होती. १९९० नंतरच्या दशकांत श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें ग्रामस्थांनीं वन राखावयाचें ठरविलें. त्यांचे नियम साधे होते: पाळीपाळीनें पहारा, बैलगाडीनें लांकूड नेण्यास बंदी, मोडल्यास दंड. दंड स्वकीयांसहि होता, आणि आमच्या मतें खरी कसोटी तेथेंच लागली. सोबत श्रमदानानें दगडी बांध पडले. सुमारें ११०० एकर वन पुन्हां उभें राहिलें, झरे वाहूं लागले, भातशेती सुधारली. तेथें दरवर्षीं रानभाज्यांची पाकस्पर्धा भरते. श्री. पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री जाहीर झाली.

वनहक्काचा कायदा चोपड्याच्या पाड्यांनाहि तोच आहे. बारीपाड्यास येथून साक्रीमार्गें एका दिवसांत पोंचतां येतें. आमच्या मंडळींतील तरुणांनीं सातपुड्यांतील कांहीं पावरा बांधवांस बरोबर घेऊन, पुढच्या पावसाळ्यानंतर तेथें जाऊन यावें, अशी आमची विनंती आहे. प्रवासखर्चाची व्यवस्था ज्युबिलीच्या शिलकी निधींतून व्हावी असें आम्ही सुचवितों.