मसाना, खारं पाणी आणि नसेची गाठ

खारपाण पट्ट्यात कुणी लघवीची तक्रार सांगितली की लोक आधी पाण्याला दोष देतात, मग खड्याला. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या माणसांना हे निदान डॉक्टरशिवायच जमते. पुष्कळदा ते बरोबरही निघते. पण लघवीतून रक्त येण्याची कारणे अनेक असतात. त्यातल्या एका अतिशय दुर्मीळ कारणाचा, म्हणजे मूत्राशयातील नसेच्या आवरणाच्या गाठीचा, इतिहास इथे मांडतो.

मूत्राशयाला आपण उर्दूत मसाना म्हणतो. कुर्तुब्याचे अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात मसान्यातला खडा काढण्याची रीत सांगितली, हत्यारांची चित्रेही दिली. मात्र जिवंत माणसाच्या मसान्यात डोकावणे त्यांच्या काळी शक्य नव्हते. त्यासाठी १८७७ साल उजाडावे लागले. जर्मनीच्या मॅक्स निट्झे यांनी टोकाशी उजेड असलेली नळी बनवली. आज आपल्याकडे ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात, तिची ही सुरुवात.

नसेचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये नसेभोवतीच्या आवरणाच्या पेशींचे वर्णन केले. या पेशींच्या गाठीला आज श्वानोमा म्हणतात. १८८२ मध्ये रेकलिंगहाउझेन यांनी दाखवले की काही माणसांच्या अंगभर येणाऱ्या मऊ गाठी नसांपासूनच उगवतात. अशा माणसांच्या मूत्राशयातही क्वचित गाठ येते. १९६५ मध्ये एस-१०० हे प्रथिन सापडले. पुढे त्याच्या रंगपरीक्षेने, गाठ नसेच्या आवरणाची आहे का, हे ओळखणे सोपे झाले.

म्हणजे सोनोग्राफीत गाठ दिसली तरी ती कसली, हे तुकडा तपासल्याशिवाय ठरत नाही. एमआरआयने ती किती खोल गेली आहे याचा अंदाज येतो. बहुतेक गाठी साध्या असतात. लहान असेल तर दुर्बिणीतून, खोल असेल तर मूत्राशयाचा तेवढा भाग कापून काढतात. क्वचित ती कर्करोगाची निघते, तेव्हा शस्त्रक्रिया मोठी होते. नंतरही तपासणी चालू ठेवावी लागते.

अंगावर गाठी आणि कॉफीच्या रंगाचे डाग असलेल्या माणसाला आपल्या गावांत नजर लागली, शाप आहे, असे म्हणतात. मुलीचे लग्न अडते. हा आजार संसर्गाने पसरत नाही. त्याचे जनुक १९९० मध्ये सापडले. सुमारे निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना तो नसतोच. म्हणून कुणाच्या खानदानाला बोल लावण्याआधी थांबावे.

खर्चाच्या भीतीने लोक दुखणे अंगावर काढतात. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होते, २०१३ मध्ये ती अकोल्यासह सर्वत्र आली. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. आपला उपचार तिच्यात बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रक्त एकदाच दिसून थांबले तरी जावे, आणि काढलेल्या तुकड्याचा अहवाल घरी जपून ठेवावा. पुढच्या डॉक्टरला आधी तोच लागतो.