कोर्टाचा कागद आणि आखाजीचा झोका

आखाजी आली की आपल्या खान्देशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात. पण ज्या घरात नवरा-बायको वेगळे झाले, तिथलं लेकरू त्या दिवशी कोणाच्या दारी असेल? आज हे कोर्टात ठरवता येतं, आणि ठरलेलं बदलताही येतं. पण इथवर यायला शंभर वर्षं लागली. ती गोष्ट आज सांगते.

१८९० साली इंग्रज सरकारनं पालक व पाल्य कायदा केला. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार. त्या कायद्यानं लेकराचं हित पाहायला सांगितलं. पण बाप हयात असेल आणि नालायक ठरला नसेल, तर कोर्टानं दुसरा पालक नेमू नये, असंही त्यात होतं. नऊ महिने पोटात वाढवणारी आई त्या कलमात नव्हतीच. तिथं बापाच्या जोडीला आईचं नाव यायला २०१० साल उजाडलं.

मधल्या काळात बरंच घडलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं मुलांच्या ताब्याचा आदेश घटस्फोटानंतरही बदलण्याची सोय केली. १९५६ च्या कायद्यानं पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईजवळ राहावं असं म्हटलं. पण पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी याविरुद्ध दाद मागितली. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे फक्त बाप मेल्यावर असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली सांगितलं.

आणखी एक निकाल १९७३ चा. लेकराच्या ताब्याचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा स्पष्ट केलं.

पुढे बायांच्या संघटनांनी मागणी लावून धरली आणि १९८४ साली कुटुंब न्यायालयाचा कायदा झाला. १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत अशी न्यायालयं सुरू झाली. तिथं आधी समुपदेशक दोघांशी बोलतात, समेट होतो का पाहतात. जिथं कुटुंब न्यायालय नाही, तिथं जिल्हा न्यायालयात जावं लागतं.

आता आपल्या उपयोगाचं. समजा, पोर तीन वर्षांची असताना बापानं दर शनिवारी भेटावं असं ठरलं. आता ती शाळेत जाते आणि बाप कामाला सुरतेला गेला. जुना कागद दोघांनाही जाचतो. मग भेटीच्या आदेशात बदल मागणारा अर्ज करायचा: शनिवारऐवजी सुट्टीतले दिवस, मधे फोनवर बोलणं, आखाजी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. काय बदललं ते दाखवायला शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि चुकलेल्या भेटींच्या तारखांची वही जवळ ठेवा. पोर समजती असेल तर न्यायाधीश तिचंही मत विचारू शकतात.

दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. नवा आदेश होईपर्यंत जुना पाळायचा. भेटीत लेकराला धोका वाटत असेल, तर ताबडतोब कोर्टाला सांगायचं. दुसरं, पोटगी मिळाली नाही म्हणून भेट बंद करायची नाही. पोटगीचा अर्ज वेगळा असतो. भेट आपल्या मनानं तोडली, तर कोर्टात आपलीच बाजू लंगडी पडते.

हिंदू विवाह कायदा आदिवासी आणि मुसलमान बहिणींना सहसा लागू होत नाही. पण १८९० च्या कायद्याखाली त्यांनाही अर्ज करता येतो. लेकरू जिथं राहतं तिथल्या कोर्टात तो करायचा. वकिलाची फी परवडत नसेल तर घाबरू नका. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं विचारा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत ही गोष्ट काढा. आपल्यातलीच एखादी बाई जुना कागद उशाला घेऊन गप्प बसलेली असेल. तिला सांगा, कागद बदलतो. लेकराचा झोका मात्र दोन्ही दोरांवर नीट राहिला पाहिजे. राम राम.