ईडा फायफर : छोट्या जहाजांवरील एकाकी प्रवासिनी 🧵

१/ १८४६ साली व्हिएन्नाच्या ईडा फायफर जगप्रदक्षिणेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षे होते. दोन्ही मुलगे मोठे झाले होते. गाठीशी पैसा मात्र बेताचाच होता.

२/ रिओ दी जानेरोपर्यंत एक परिचित गृहस्थ सोबत होते. पुढचा सागरप्रवास एकटीचा. केप हॉर्नला वळसा घालून वाल्पराइसो, तेथून ताहिती, मग चीन.

३/ ही शिडाची मालवाहू जहाजे होती. गादी-उशीदेखील प्रवाशाने स्वतःच आणायची. जेवणखाण कसे मिळेल, हे कप्तानाच्या मर्जीवर अवलंबून असे.

४/ पुढे कलकत्त्याहून खुष्कीच्या मार्गाने अजिंठा, वेरूळ पाहत त्या मुंबईस पोहोचल्या. एप्रिल १८४८ मध्ये बसऱ्याला जाणारी एक लहानशी आगबोट त्यांनी धरली. बोट खचाखच भरलेली. डेकवरील कप्तानाच्या जेवणाच्या मेजाखाली त्यांना झोपण्यापुरती जागा मिळाली. त्यातच बोटीवर देवीचे रुग्ण निघाले.

५/ तरीही लेखणी थांबली नाही. १८५० साली त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. पुढील प्रवासांत जमवलेले प्राणी-वनस्पतींचे नमुने युरोपातील संग्रहालयांत गेले.

६/ बर्लिन व पॅरिसच्या भूगोल संस्थांनी त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे दार मात्र स्त्री म्हणून बंदच राहिले. समुद्राने त्यांना कधी अडवले नाही. अडवले ते किनाऱ्यावरच्या नियमांनी.