जात्यावरील साक्ष

घोड नदीवर डिंभे येथे जे धरण उभे आहे, त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळचे आंबेगाव त्याच जलाशयाच्या पोटात गेले आणि तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे, हे बाहेरच्या माणसास प्रथम सांगितले म्हणजे त्यास नवल वाटते. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. पाणी किती साठले, कालव्यात किती सोडले, याचे आकडे पाटबंधारे खात्याजवळ आहेत. जमिनीचा हिशेब सातबाऱ्यावर होता. पण कोणत्या घरची बाई कोणत्या झाडाखाली हिरडा वेचीत होती, लेकीचे माहेर पाण्याखाली गेले तेव्हा तिने मनाशी काय म्हटले, हे कोणत्या दप्तरात शोधावयाचे? समाजाचा अभ्यास करणाऱ्याने प्रश्न कोणास विचारावेत, आणि उत्तर आकड्यांतच मागावे की गाण्यातही ऐकावे, हा आमचा आजचा विषय याच प्रश्नातून निघतो.

आपल्या जिल्ह्यास अभ्यासकांची वाण कधी पडली नाही. इंग्रज सरकारने १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर तीन भागांत छापले. पुढे शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर हे एकच गाव घेऊन, तेथील जमिनीचे तुकडे आणि डोक्यावरचे कर्ज मोजून १९१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी पाहणीच्या कामास शिस्त लावली. धरणाने उठविलेल्या माणसांकडेही विद्वानांचे लक्ष गेले. इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर यांची कोयनेच्या विस्थापितांची पाहणी १९६९ ची आहे. या सर्वांविषयी आमच्या मनात आदरच आहे. मॅनसाहेबांनी तुकडे मोजले नसते तर शेतकऱ्याच्या दैन्याविषयी आपण नुसते उसासेच टाकीत बसलो असतो. तथापि या साऱ्या उद्योगाची रीत एकच होती. प्रश्न शहरात तयार होई, उत्तर खेड्यात मिळे, आणि पुस्तक पुन्हा शहरात, बहुधा इंग्रजीत, छापले जाई. उत्तर देणाऱ्याच्या हाती ते क्वचितच पडे.

ही रीत उलटी करावी असा विचार जगात अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच काळी उठला. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी पीडितांच्या शिक्षणशास्त्रावरील आपला ग्रंथ १९६८ च्या सुमारास लिहिला. कोलंबियाच्या ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी १९७७ मध्ये कार्ताहेना येथे या मताच्या अभ्यासकांची परिषद भरविली. आमच्या मते त्यांच्याच तोडीचे काम पुणे जिल्ह्याच्या डोंगरात झाले. त्याचा गवगवा मात्र कमी झाला.

फ्रान्समधून पुण्यास येऊन राहिलेले आणि पुढे भारतीय नागरिक झालेले गी पॉइतवाँ, आणि हेमा राईरकर, या दोघांनी मुळशी-मावळच्या बाजूस गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम चालविले होते. सभेत पुरुष बोलत, बाया मागे बसून ऐकत. त्या बायांशी बोलता बोलता असे दिसून आले की, सभेत गप्प बसणारी बाई जात्याच्या खुंट्याला हात लागताच बोलू लागते. ओव्या जमविणे ही काही नवी गोष्ट नव्हे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' याच मार्गाने सिद्ध केले. पण येथे ओव्या जमविणाऱ्या बाया त्याच गावांच्या होत्या. त्या शेजारणीच्या ओव्या गोळा करीत, शिबिरात आणीत, तेथे म्हणून दाखवीत आणि त्यांचा अर्थ आपसात लावीत. सीतेच्या वनवासाची ओवी निघाली की वाल्मीकी बाजूला राही आणि घरातून काढलेल्या सुनेची हकिकत सुरू होई. सासूचे नाव घ्यावयाचे नाही, नवऱ्याचे तर नाहीच. सीतेचे नाव मात्र कोणीही घ्यावे! पहाटेच्या अंधारात, समोर दुसरी बाई नि मध्ये घरघरणारे जाते, अशा जागी जे बोलता येते ते छापील प्रश्नावलीच्या रकान्यात येत नाही. पाहणी करणारा सुशिक्षित गृहस्थ दारात उभा असताना तर नाहीच नाही.

अशा लाखाहून अधिक ओव्या या संग्रहात आहेत. आम्हांस त्यातील एक बारीकशी व्यवस्था फार मोलाची वाटते. ओवीपाशी ती म्हणणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तालुका नोंदलेला आहे. लोकसाहित्य म्हणजे कर्ता अज्ञात, असे आपण पाठ करून ठेवलेले. येथे ती सांगणारी निनावी राहिली नाही. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण झाले. पॉइतवाँ २००४ मध्ये आणि हेमाताई २०१० मध्ये वारल्या. नंतर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने हे धन लोकांपुढे आणण्याचे काम अंगावर घेतले. गावोगाव पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात पडले, म्हणजे हे काम अगदी वेळेवर झाले असेच म्हटले पाहिजे.

शंका येथेही उरते. यंत्र समोर ठेवले की जात्यावरचे एकांतातले बोलणे एकांतातले राहते काय? आणि 'लोकसहभाग' हा शब्द कचेऱ्यांच्या तोंडी बसल्यावर त्याचे काय झाले, तेही आपण पाहिले आहे. अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढावयाचा, चिंचोके मांडून घरे मोजावयाची, जमलेल्या मंडळींचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि आराखडा मात्र आधीच टंकलिखित होऊन आलेला! रांगोळीचा यात काही दोष नाही.

आता पुन्हा डिंभ्याकडे येऊ. या डोंगरातील महादेव कोळी समाजावर डॉ. घुर्ये यांच्यासारख्या नामवंतांनी लिहिले. पण जुन्नरच्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे स्वतः त्याच समाजातले. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांनी सांभाळले, तेव्हा ज्याचा अभ्यास व्हावयाचा तोच अभ्यासकाच्या खुर्चीत बसला. धरणग्रस्तांमध्ये आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने जे काम केले, तेही आम्ही संशोधनातच जमा धरतो. पडकई ही येथली जुनी रीत; एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून उतारावर बांध घालावयाचे आणि भाताची खाचरे तयार करावयाची. कोणत्या उतारावर दगड कसा बसतो हे म्हाताऱ्यास ठाऊक होते. संस्थेने ते ज्ञान मानले, आणि रोजगार हमीच्या कामात पडकईस स्थान मिळाले. २०१२ मध्ये संस्थेस आंतरराष्ट्रीय 'इक्वेटर' पारितोषिकही लाभले.

कायद्यानेही या बाजूस एक पाऊल टाकले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीने दाव्यांची स्थळपाहणी करून नकाशे तयार करावयाचे असतात. आणि पुराव्यांच्या यादीत सरकारी कागदांबरोबर घर, बांध, दफनभूमी, देवस्थान, वंशावळ आणि गावच्या वडीलधाऱ्यांची लेखी उतरवलेली जबानी यांसही जागा आहे. ज्या माणसाकडून आजवर फक्त माहिती घेतली गेली, त्याचे तोंडचे बोलणे आता साक्ष म्हणून दाखल होऊ शकते. ओवीचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही.